कुठं चाललाव, बा?

मुरबाडच्या बाजारात अजूनही एखादा म्हातारा मला अडवतो आणि सोबतच्या माणसाला सांगतो, "हा खडसवाल्याचा पोरगा." खडसवाला म्हणजे माझे वडील. काळू नदीतले मोठमोठे खडस मासे त्यांनी नुसत्या काठीनं आणि दोऱ्यानं काढले, असं टोकावड्यापासून धसईपर्यंतची जुनी माणसं मानतात. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या मांडवात हेच पुन्हा ऐकलं आणि मी ओरडलो, "ते मासे त्यांचे नव्हते. माझ्या बहिणीचे होते." माणसं हसली. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पाणी मागवलं, जणू मला ऊन लागलं होतं.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. चारचौघांत आवाज चढवायला मला इतका काळ लागला, आणि चढवला तो अशा जागी, जिथं त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. हे लिहायला बसलो आहे ते त्याच रागात. तो सगळा वडिलांवरचा नाही, हेही सांगून टाकतो.

सत्तावन-अठ्ठावन सालच्या सुमाराची गोष्ट. भातं कापून खळ्यावर आली, की नदीचं पाणी निवळायचं आणि आमचं घर नदीवर जायचं. वडील, काका, माझ्याहून थोडी मोठी असलेली माझी बहीण आणि मी. आई दुपारी भाकऱ्या घेऊन मागाहून यायची आणि काठावर तीन दगड मांडून तिथंच कालवण करायची. नदीतल्या खोल डोहाला आमच्याकडं कोंड म्हणतात. आमच्या कोंडाला एका अंगाला काळा कातळ होता आणि दुसऱ्या अंगाला आमचीच भाताची खाचरं. खडस त्या कातळाच्या सावलीत उभे राहायचे. हा मासा अंगानं सोनेरी, खवल्यानं जाड आणि स्वभावानं संशयी. गळाला लागला तर हात खांद्यातून उखडेल असा ओढतो, पण लागतच नाही. दोरा जाड दिसला, पाण्यात काही धप्पकन पडलं, की कातळाखाली गेलाच म्हणून समजायचं.

वडिलांना हे कधी कळलं नाही. ते मोठा गळ घ्यायचे, त्याला शिसं लावायचे, कणकेचा गोळा थापायचे आणि पाण्यात असा भिरकवायचे की पलीकडचे बगळे उडायचे. संध्याकाळी घरी यायची ती शिंगाळी नाहीतर मरळ, आणि खडसांना भरपूर शिव्या.

माझी बहीण, तिला आम्ही सगळे बायच म्हणायचो, तासन् तास कातळावर पालथी पडून पाण्यात बघायची. कापलेल्या शेतातून उडालेले नाकतोडे कोंडात पडतात, पाय झाडतात आणि खालून खडस येऊन त्यांना अलगद ओढून नेतो, हे तिनं बघितलं. मग तिनं नाकतोडा केला. घरच्या कोंबड्याच्या मानेचं तांबूस पीस, आईच्या फाटलेल्या लुगड्याच्या काठातला दोरा, आणि तो सुटू नये म्हणून वर मधमाशीचं मेण. हे सगळं नखाएवढ्या बारीक गळावर. शिसं नाही, काही नाही. कल्याणहून काकांनी आणलेला तंगुसाचा बारीक दोरा तिनं मागून घेतला आणि मेसाच्या बारक्या बांबूची काठी केली.

वडील हसले. "काय गो, कोंबडा मासं धरायला निघाला काय?"

"बोलू नका, बा," ती म्हणाली. "पाण्याला ऐकू जातं."

तिनं तो खोटा नाकतोडा असा सोडला, की पाण्याला कळलंही नाही. ओढायचा नाही, हलवायचा नाही. धारेबरोबर जाऊ द्यायचा आणि बोटाचं टोक तेवढं दोऱ्यावर ठेवायचं. मी शेजारी बसलो होतो. पाण्यात काहीच झालं नाही, फक्त नाकतोडा नाहीसा झाला. तिनं काठी लगेच उचलली नाही. एक श्वास घेतला, सोडला, आणि मग उचलली. काठी वाकून पाण्याला टेकली.

तेव्हा वडील धावले. "सोड, सोड, तुज्यानं नाय व्हायचं." त्यांनी तिच्या हातातून काठी काढून घेतली. मासा बाहेर आला तो त्यांच्या हातात. संध्याकाळी गावातून वर येताना तो त्यांच्याच खांद्यावर होता, आणि वाटेत जो भेटला त्याला त्यांनी थांबवून दाखवला. बाय मागून रिकामी टोपली घेऊन चालत होती. खडसवाला जन्माला आला तो असा.

पुढचे दोन हंगाम हेच चाललं. आणि मी त्यात खूश होतो. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, असं मी लोकांना सांगत आलो आहे. तापलेला कातळ, दगडांमधलं कालवण, काकांच्या थापा. खरंच होते. याचीच मला जास्त लाज वाटते.

मग बाय मोठी झाली. आमच्याकडं एवढंच म्हणतात. त्या वर्षी नदीवर निघायच्या दिवशी तिनं काठी हातात घेतली, तर वडील म्हणाले, "आता तू काठीला शिवायचं नाय."

"का?"

"बाईची सावली गळावर पडली की खडस कोंड सोडतो."

"मंग इतकी वर्षं कुणाची पडत होती?"

आईनं तिला आत ओढलं. वडिलांनी ती काठी माझ्या हातात दिली. नाकतोड्यांची डबीही दिली. मी घेतली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मासळीला किंवा शिकारीला निघालेल्या माणसाला 'कुठं चाललास' म्हणून कधी विचारत नाहीत. 'कुठं' शब्द कानावर पडला, की त्या दिवशी हाताला काही लागत नाही. निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरातलं माणूस 'ये जाऊन' म्हणतं, बस्स. कुणी चुकून विचारलंच तर मागं फिरायचं, सामान खाली ठेवायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. वडील ही रीत देवासारखी पाळायचे.

आम्ही तिघं अंगणातून बाहेर पडलो तेव्हा बाय खराटा घेऊन दारात उभी होती. गोड आवाजात म्हणाली, "कुठं चाललाव, बा?"

वडील जागच्या जागी थिजले. मागं फिरले, काठ्या ओट्यावर ठेवल्या, बसले. आईनं तांब्या आणला. पाणी पिऊन आम्ही पुन्हा निघालो. गोठ्याशी पोचलो तोच मागून, "बा, कुठं चाललाव?"

काकांना हसू आवरेना. "भाऊ, चल पानी पिऊ. मला पन तान लागलीच हाय."

"तू गप रे!" वडील ओरडले. पण मागं फिरले. पुन्हा तांब्या, पुन्हा घोट. तिसऱ्यांदा आम्ही जवळजवळ पळतच निघालो, पण तिचा आवाज आंब्यापलीकडं सहज पोचायचा. "कुठं चाललाव?" शेजारच्या ओट्यावरची म्हातारी खुदकन हसली. वडील परत आले, काठी भिंतीला टेकवली आणि बायच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. गाल चोळत म्हणाली, "मला न्या. नाय इचारनार."

त्या दिवशी कोणीच नदीवर गेलं नाही. पुढच्या खेपेला वडिलांनी आईला सांगून तिला आधीच विहिरीवर धाडलं. ती विहिरीवरून ओरडली. विहिरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या म्हणतात. मारानं ती गप्प होत नव्हती, आणि वडिलांना तिला नेणं जमत नव्हतं. नेली असती तर काय झालं असतं? खडस गेले नसते. फक्त लोकांना कळलं असतं, काठी कुणाची आहे ते. मला आज खात्री आहे की सावलीची भीती त्यांना नव्हतीच. भीती ही होती.

आणि मी काय करत होतो? मी तिच्याशी सौदा करत होतो. नाकतोडे पाण्यात झिजायचे, पीस गळायचं, नवे लागायचे. ते ती करून द्यायची, मी निघालो की 'कुठं' म्हणून विचारायची नाही, आणि बदल्यात मी घरी येऊन तिला सगळं सांगायचं. पाणी किती निवळलंय, खडस कातळाच्या कुठल्या अंगाला उभा होता, बोटाला काय कळलं. गोठ्यात शेण भरता भरता ती डोळे मिटून ऐकायची.

"लागला होता, पन सुटला," मी म्हणायचो.

"काठी लगीच उचललीस."

"नाय गो."

"उचललीसच. श्वास नाय सोडलास. तुला घाई रे, बासारखी."

तेवढंच तिचं मासे धरणं उरलं होतं, माझ्या तोंडून. मी कधी कधी कंटाळायचो. "उद्या सांगतो," म्हणून निघून जायचो. ती शेणाच्या पाटीजवळ उभी राहायची.

एके दिवशी वडील एस.टी.नं शहापूरकडं गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. त्या रात्री जेवायला खडसाचं कालवण होतं, मी आणलेला, तिच्या नाकतोड्यावर घेतलेला. वडिलांनी ताटावर बसूनच सांगितलं, "बायचं जमवलं. डोळखांबच्या अंगाला. माळकऱ्यांचं घर हाय. शांत मानसं."

आईचा हात थांबला. "माळकरी? म्हंजे तिकडं मासळी नाय शिजत?"

"सुकटीचा वास पन नाय चालत."

"आवो, पोरगी नदीवर वाढलेली."

"म्हनूनच," वडील म्हणाले आणि त्यांनी भात कालवला.

काका, जे प्रत्येक गोष्टीवर हसायचे, ते नाही हसले. बाय चुलीजवळ बसली होती. तिनं बापाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मुरबाडला हायस्कुलात शिकणारा मी एकुलता मुलगा, माझा शब्द वडील कधी कधी ऐकायचे, हे तिला माहीत होतं. माझ्या तोंडात घास होता. मी काटा काढत बसलो. नीट, जपून, जिभेनं चाचपत, जसा काही त्या घरात त्या वेळी सगळ्यात मोठा प्रश्न तो काटाच होता. तिनं मान फिरवली. जगात चांगली स्थळं नव्हती का? होती. वडिलांनी शोधून शोधून अशी जागा काढली, जिथं तिच्या बोटांना काही कामच उरणार नाही. आवाज तेवढा ठेवला, तोही डोंगरापलीकडं.

लग्न झालं. मी नाकतोडे करून बघितले, ते पाण्यात पडले की नुसतं पीस दिसायचं. वडील पुन्हा कणकेवर आले. पण नाव झालं ते झालं. माणसाचं नाव एकदा झालं की पुढं मासे धरावे लागत नाहीत.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बाय माहेरी आली. हडकली होती. तिनं स्वतः अजून माळ घातली नव्हती. "सासू मागं लागलीय," ती आईला म्हणाली. "दिवाळी झाली की घालते, म्हनून आलेय." आल्या आल्या तिनं कोंबड्याची पिसं गोळा केली आणि दुपारभर ओट्याच्या कोपऱ्यात बसून नाकतोडे केले. बोटं विसरली नव्हती.

सकाळी मी काठी घेऊन निघालो. वडील ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते, त्यांना थंडी-ताप होता. बाय दारात उभी होती. मी तिच्याजवळ थांबलो. मला खरंच तिला न्यायचं होतं. मी मान खाली घालून, ओठ हलतील न हलतील असं विचारलं, "बाय, येतेस?"

तिनं एकदा ओट्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "मोठ्यानं इचार," ती म्हणाली.

ती पुटपुटली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली. वडिलांनी मान वळवली. "काय म्हनते ती?"

मी तेव्हा वडिलांपेक्षा उंच होतो. त्यांच्या अंगात ताप होता, उठायचं बळ नव्हतं. आई नसती आडवी आली. काका तर काठी घेऊन पुढं चालले असते. मला एवढंच म्हणायचं होतं, बायला नदीवर नेतो.

"काय नाय," मी म्हणालो. "येतो."

मी तिथंच उभा राहिलो. तिनं विचारावं म्हणून उभा राहिलो, कुठं चाललास म्हणून. म्हणजे मला मागं फिरता आलं असतं, काठी ठेवता आली असती, पाणी प्यायला बसता आलं असतं, पुन्हा एकदा धीर गोळा करता आला असता. तेवढंही मला तिच्याचकडून हवं होतं.

"ये जाऊन," ती म्हणाली.

मी गेलो. कोंडात पाणी नितळ होतं, तिचा नाकतोडा धारेला लागला आणि नाहीसा झाला. मी काठी लगेच उचलली. मासा गेला, नाकतोडाही गेला. घरी आलो तेव्हा ती गोठ्यात होती. मी काय झालं ते सांगायला लागलो. तिनं शेणाची पाटी उचलली आणि म्हणाली, "राहू दे."

पुढच्या दिवाळीला ती आली तेव्हा तिच्या गळ्यात माळ होती. आईनं तिच्यासाठी वेगळ्या चुलीवर वेगळं भांडं ठेवलं.