होबार्टचं जाकीट

व्हर्ना स्टॅलर्डला खाज सुटली की ती बटाटे सोलायला बसते. दोन्ही हात कामात असले म्हणजे खाजवता येत नाही, असं तिचं शास्त्र. त्या मे महिन्यात तिनं इतके बटाटे सोलले की शेजारीण म्हणून मला रोज एक पातेलं घरी न्यावं लागे. नको म्हणायची सोय नव्हती. व्हर्नाला नको म्हणणारा माणूस आमच्या डोंगरात एकच होता, तिचा नवरा होबार्ट, आणि तो हिवाळ्यात वारला होता.

हे सगळं चाललं होतं त्याच्याच कबरीपायी. मेअखेरच्या रविवारी इथे सगळी कुटुंबं टेकडीवर जमतात, आपापल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतात आणि तिथेच गवतावर पंगत बसते. त्याआधी दफनभूमी लख्ख करायचं काम आयुष्यभर होबार्टनं केलं. मागच्या कुंपणावर पॉयझन आयव्ही माजते, ती तो हातांनी उपटायचा. आपल्याकडे बिब्बा उततो ना, तशीच ही वेल. अंगाला लागली की पुरळ, फोड आणि नुसती आग. तिची तीन-तीन पानं बघून, देशातून इकडे आल्यावर पहिल्या वर्षी, मला बेल आठवला होता, आणि त्या भक्तीचं फळ मी चांगलं भोगलं. होबार्टला मात्र ती कधी बाधली नाही. त्याचा त्याला भारी तोरा होता.

यंदा ते काम व्हर्नानं हट्टानं अंगावर घेतलं, कारण तिचा दीर ड्यूई फवारणीचा पंप घेऊन तयारच होता. औषध मारलं की वेल जाईल हे खरं, पण तिच्याबरोबर होबार्टनं कुंपणालगत लावलेली पिअनीची झुडपंही जातील. त्यांच्या कळ्या आत्ता कुठे फुगायला लागल्या होत्या.

"शनिवारपर्यंत थांबतो," ड्यूई म्हणाला. "नाहीतर सरळ फवारणार. लोकांनी काय खाजवत जेवायचं?"

"तुझ्या हातचं जेवण्यापेक्षा खाज बरी," व्हर्ना म्हणाली आणि कामाला लागली.

गुडघ्यापर्यंत बूट, नवे हातमोजे, घरी आल्यावर भांडी घासायच्या साबणानं कोपरापर्यंत धुणं, सगळं तिनं नीट केलं. तरी मानेभोवती हार घातल्यासारखा पुरळ उठला आणि मनगटांवर बांगड्यांसारखा. डॉक्टरनं गुलाबी औषध दिलं आणि घरी बसवलं. जरा सुकल्यावर ती परत गेली, तर परत पुरळ, त्याच जागी. कुंपण अर्धंसुद्धा झालं नव्हतं आणि रविवार तोंडावर आला होता.

शेवटी मी म्हटलं, "तू बस. आता मी जाते."

सकाळी गारठा होता. व्हर्नानं दारामागच्या खुंटीवरचं होबार्टचं डेनिमचं जाकीट माझ्या अंगावर चढवलं. "हे घाल. मीही हेच घालून जाते. काटा लागायचा नाही." मी दिवसभर वेली ओढल्या आणि मोठ्या ऐटीत घरी आले.

पुढे व्हायचं तेच झालं. तिच्या स्वैपाकघरात आम्ही दोघी समोरासमोर, गुलाबी औषध फासून, बटाटे सोलत बसलो होतो. व्हर्ना माझ्या मानेकडे बघायला लागली. मी तिच्या मनगटांकडे बघितलं. मग दोघींनी एकदमच खुंटीकडे बघितलं. वर्षानुवर्षांचा वेलीचा चीक त्या कॉलरमध्ये आणि बाह्यांच्या टोकांत मुरला होता.

"गेला तरी मानगुटीवर बसलाय माझ्या!" व्हर्ना ओरडली. आम्ही हसून हसून लोळलो.

"मग धुऊन टाक की," मी डोळे पुसत म्हटलं.

तिचं हसू थांबलं. "तो गेल्यापासून धुतलं नाहीये. धुतलं तर वास जाईल त्याचा."

ती खिडकीतून टेकडीकडे बघत राहिली. मग उठली, रबरी मोजे घातले आणि जाकीट खुंटीवरून काढून माझ्यापुढे धरलं.

"आधी वास घे."

"मी?"

"हो, तू. एकटीच्या ध्यानात किती राहणार? उद्या मी विसरले तर तू सांगशील. नाक लांब ठेव पण."

मी लांब ठेवणार होते. नाही ठेवता आलं.

"काय काय आलं?"

"तंबाखू. देवदाराचा भुसा. थोडं रॉकेल."

"रॉकेल कसलं! करवतीचं तेल आहे ते," ती करवादली. "नीट घे."

मी नीट घेतला. मग तिनंही घेतला, बराच वेळ, आणि जाकीट टबात बुडवून साबणाची अख्खी बाटली त्यावर ओतली.

तेच अर्धवट वाळलेलं जाकीट घालून व्हर्नानं उरलेलं कुंपण साफ केलं. या खेपेला नवा पुरळ उठला नाही. शनिवारी ड्यूई पंप घेऊन आला, तेव्हा तिनं पंप खाली ठेवायला लावला आणि उपटलेल्या वेलींच्या पिशव्या त्याला वाहायला लावल्या.

रविवारी पिअनी फुलली होती. कोंबडी तळलेली होती, केळ्याचं पुडिंग होतं आणि बटाट्याचं सॅलड तर घमेलंभर होतं. माझ्या नाकाच्या शेंड्यावर टपोरा फोड होता.

"हे काय गं, नाकाला कुठे वेल लागली?" ड्यूई फिदीफिदी हसत म्हणाला.

"गप जेव. होबार्टचा वास घेतलाय तिनं," व्हर्ना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "आहे ना ध्यानात?"

"तंबाखू, देवदाराचा भुसा, करवतीचं तेल."

"हं," ती म्हणाली, आणि ड्यूईच्या ताटात आणखी बटाटे वाढायला गेली.