कुस्तुंतुनियाचा बादशहा

मागच्या रविवारपर्यंत ही गोष्ट मी कुणाजवळही काढली नव्हती. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. आता तुम्हाला सांगते आहे. मध्येच अडखळले तर जरा थांबा — उठून जाणार नाही, एवढं ठरवूनच बसले आहे.

नांदूरघाटच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाला पुस्तकात जेमतेम दोन ओळी आहेत. तुर्कांनी शहर घेतलं, व्यापाराचा जुना रस्ता अडला, म्हणून युरोपातले लोक समुद्राकडे वळले. 'कारणे द्या'मध्ये येतं, पोरं पाठ करतात, पेपर झाला की विसरतात. मला मात्र त्या दोन ओळींवर भागवता यायचं नाही. तेव्हा नोकरीला नवी होते ना! घंटा झाली तरी सांगत राहायचे — हजार वर्षं उभा असलेला तो तट, तो फोडायला आणलेली अजस्र तोफ, ती ओढणारे बैल. बंदराच्या तोंडाशी लोखंडी साखळी, म्हणून सुलतानाने जहाजंच डोंगरावरून ओढून पलीकडच्या पाण्यात उतरवली. दिवसा तट पडायचा आणि अंधारात शहरातल्या बायका-पोरं दगडमाती घालून खिंडार बुजवायची. आणि आत तो शेवटचा बादशहा.

त्या वर्गात रेहाना होती. नववीत. तिचे वडील युसुफभाई, गावात रस्त्याला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान — गेट, खिडक्या, ट्रॉल्यांची डागडुजी. एकदा तास संपल्यावर रेहाना माझ्या मागे मागे आली. सुलतानाने बादशहाला निरोप धाडला होता ना, शहर सोड आणि जिवंत जा?

"मग त्यो गेला कावून न्हाई, मॅडम?"

त्याचं उत्तर म्हणून मी नाटक लिहिलं. खरंच — त्या एका प्रश्नासाठी. स्नेहसंमेलनात मुलींचं नाटक करायचं होतं, आणि बादशहा रेहाना, यात कुणाला शंकाच नव्हती. शेवटच्या लढाईआधी बादशहा आपल्या माणसांशी बोलतो, तो उतारा ती म्हणायला लागली की तालीम बघणाऱ्या दहावीच्या मुली वेणी घालायच्या थांबायच्या. तिला वकील व्हायचं होतं. ती झालीही असती.

युसुफभाईंना मी मुकुटाचं सांगायला गेले तेव्हा ते हसले. "आमच्यात त्या शहराला कुस्तुंतुनिया म्हंतेत, बाई. मौलवीसाबांनी सांगितलं हुतं लहानपणी, पर सुलतानाच्या बाजूनं. माझी पोरगी दुसऱ्या बाजूचा बादशा हाय म्हना की! चांगलं हाय. हारला तरी पळाला न्हाई ना त्यो?" पितळी पत्र्याचा मुकुट त्यांनी स्वतः कापला. कपाळाला टोचू नये म्हणून कडा घासून घासून गुळगुळीत केल्या.

बघा — मी अजून मुकुटाबद्दलच बोलते आहे. मुद्द्यावर येते.

संमेलन जवळ आलं तेव्हा संस्थेचे एक संचालक तालीम बघायला आले. मागच्या बाकावर बसले, चहा घेतला. जाताना मला बाजूला बोलावून म्हणाले, "नाटक लई झाक हाय बाई. पर बादशाचं काम त्या पोरीला कावून? दुसरी न्हाई का कुनी?"

बस. एवढंच. आवाज चढवला नाही, दम दिला नाही. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती हे खरं, पण त्यांनी नोकरीचं नावही काढलं नव्हतं. ते मीच मनातल्या मनात जोडून घेतलं. "त्या पोरीला म्हणजे?" एवढं तरी मी विचारायला नको होतं? मी म्हटलं, "बघते साहेब." तिकडे तोफा लागल्या होत्या. इथे एका माणसाने चहाचा कप ठेवता ठेवता विचारलेला प्रश्न पुरला.

नुसतं काम काढून घेतलं असतं, तर तो भित्रेपणा झाला असता. मी त्याच्या पुढे गेले. दुसऱ्या दिवशी रेहानाला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "तुझ्या अब्बांना हे आवडलेलं नाही. मला येऊन सांगून गेले. तू त्यांना विचारू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल." आणि शाळा सुटल्यावर वाकडी वाट करून दुकानात गेले आणि युसुफभाईंना सांगितलं, "रेहाना घाबरली हो. स्टेजवर उभं राहायला नको म्हणते. तुम्ही विषय काढू नका, लाजेल बिचारी."

किती नीट जमवलं होतं मी! दोघांचं एकमेकांवर जेवढं प्रेम होतं, तेवढं माझं खोटं पक्कं होत होतं. तिने बापाचं मन राखायचं म्हणून विचारलं नाही. त्यांनी पोरीची लाज राखायची म्हणून विचारलं नाही.

संमेलनाला युसुफभाई आले. रेहाना घरीच राहिली होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते पहिल्या रांगेत बसले. त्यांनी केलेला मुकुट दुसऱ्याच मुलीच्या डोक्यावर होता, थोडा सैल, कानावर घसरणारा. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. नाटक संपल्यावर माझ्याजवळ आले. "भ्याली तर भ्याली, बाई. मी रागावलो न्हाई तिला. इषयच काढला न्हाई, तुमी म्हनला तसं."

मी म्हटलं, "बरं केलंत."

हे मला अजून ऐकू येतं. बरं केलंत!

त्यानंतर रेहानाने वर्गात हात वर केलेला मला आठवत नाही. दहावीला गुण चांगले पडले. बीडला कॉलेजला जायचं का, हे तिने घरात विचारलंच नाही — ज्या अब्बांना स्टेज चालत नाही त्यांना वसतिगृह काय चालणार? आणि बापाला वाटलं, पोरगी भित्री आहे, परक्या शहरात तिचा निभाव लागायचा नाही. त्यांनी गेवराईचं स्थळ बघितलं. माणसं चांगली होती. लग्नात मी जेवून आले. नोकरी कायम झाल्याची मान्यता तोवर हातात आली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण गेल्या हिवाळ्यात गेवराईच्या स्टँडवर रेहाना भेटली, सोबत दप्तर पाठीला लावलेली तिची मुलगी. रेहाना हसून पाया पडायला वाकली. मुलीच्या शाळेत पालकसभेत बोलायला सांगितलं होतं, ते टाळून आली होती. म्हणाली, "मला नाही जमत हो मॅडम. अब्बांना आवडायचं नाही ना तेव्हा — मग सवयच गेली."

सांगायला तोच क्षण होता. ती समोर होती, मला वेळ होता, अडवणारं कुणी नव्हतं. कुठले संचालक आणि कुठली नोकरी? मी तिच्या मुलीच्या गालाला हात लावला. बस आली, मी चढले. खिडकीतून टाटासुद्धा केला. पहिल्या वेळी भीती होती म्हणावं, तर या वेळी काय होतं?

त्या बसमध्ये मी ठरवलं. फोनवर नाही सांगायचं. दोघांना वेगवेगळं गाठूनही नाही — वेगवेगळं गाठूनच तर मी हे केलं होतं. रेहाना माहेरी येईपर्यंत थांबले. मागच्या रविवारी दुपारी दुकानात गेले. युसुफभाई होते, ती डबा घेऊन आली होती. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगायला निघाले. मी म्हटलं, "आधी ऐका, मग चहाचं बघा." आणि उभ्यानेच सांगितलं. "युसुफभाई, रेहाना घाबरली नव्हती. मी घाबरले होते. रेहाना, अब्बा मला काहीच बोलले नव्हते. दोघांशी मी खोटं बोलले." स्टँडवर गप्प राहिले तेही सांगितलं. संचालकांचं नाव रेहानाने विचारलं तेव्हाच घेतलं. खोटं त्यांनी रचलं नव्हतं.

 मग रेहाना वडिलांकडे वळली.

"अब्बा, तुम पूछे कायकू नहीं?"

"तू पूछी क्या, बेटा?"

युसुफभाई खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डरपोक समजत आलो हिला. आपल्याच पोरीला."

मला वाटलं होतं रेहाना ओरडेल. तिने डब्याचं झाकण लावलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही आता जा." जुना, स्वच्छ आवाज होता. मी निघाले.

सोमवारी हेच स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. दुपारी संचालकांच्या घरी जाऊन त्यांनाही सांगितलं. त्यांना ती तालीम आठवतसुद्धा नव्हती.

रविवारी दुकानातून निघून मी रस्त्याला लागले, तेव्हा मागून बापलेकीचे आवाज येत होते. मोठ्याने, एकमेकांचं बोलणं तोडत. भांडत होते की रडत होते, मला कळलं नाही. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. मी चालत राहिले.