आतून कडी नसलेली खोली

भिवंडीच्या स्टँडवरून आमची एस.टी. हलली तेव्हा मला जी भीती वाटली, ती परतीच्या प्रवासातही पुरती गेली नव्हती. मी मुळातच भित्री. बस वळणावर कलली की समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरते, आणि अनोळखी माणूस दोनदा हसून बोलला की पर्स पोटाशी घेते. "हिला घाबराला कारन लागत न्हाय," असं आमचे हे चारचौघांत सांगतात. त्यात खोटं काही नाही. पण त्या प्रवासात मला कारण मिळालं.

ही गोष्ट नव्वद सालची, यंदाच्याच उन्हाळ्यातली. शेलार गावाच्या वाटेवर आमची यंत्रमागांची छोटी शेड आहे आणि तिला लागूनच घर. ईदेला कारागीर आपापल्या मुलखात गेले की शेड बंद असते, आणि तेवढेच दिवस आम्हाला हातपाय हलवायला मोकळे. त्याआधीच आमच्या एकुलत्या एका मुलीची, नंदाची, बारावीची परीक्षा झाली होती. तिला पुण्याला नर्सिंगला जायचं होतं, होस्टेलवर राहून. आमच्या दोन्हीकडच्या घरांतली एकही मुलगी लग्नाआधी गावाबाहेर राहिलेली नाही. हे म्हणत, "निकाल लागू दे, मंग बघू." मी गप्प होते, कारण मला विचारलं असतं तर मी नकोच म्हणाले असते. समुद्र बघायला जायचं नंदानेच काढलं आणि हे चक्क तयार झाले. पोरगी बाहेरच्या जगात कशी वागते ते एकदा बघून घेऊ आणि मग काय ते ठरवू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला तसं म्हणाले, तिला नाही.

रात्रभर बस चालली. कशेडीच्या घाटात मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते आणि नंदा माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. उजाडलं तेव्हा जांभ्या दगडाची कुंपणं, काजूची झाडं आणि लाल मातीचे उतार दिसायला लागले. आमच्याकडे चिंध्या, सुताचे गुंते आणि डिझेलचा धूर बघायची सवय, त्यामुळे इतकं स्वच्छ गाव बघून मलाही क्षणभर बरं वाटलं. एका थांब्यावर आम्ही गरम घावणे (तांदळाची मऊ धिरडी) खाल्ले, वर काळ्या वाटाण्याची उसळ. यांनी तीनदा मागून घेतली.

ज्या गावी उतरलो त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे चांगली माणसं भेटली, त्यांच्या गावाला बट्टा नको. आमच्या ओळखीच्या एका सूतवाल्याने बाजारपेठेतलं एक घरगुती लॉज सांगून ठेवलं होतं. फोनवरून खोली ठरवायची सोय आमच्यासारख्यांना नाही, जायचं आणि विचारायचं. स्टँडवर उतरून यांनी चहावाल्याला त्या लॉजची वाट विचारली, आणि हीच चूक झाली. म्हणजे विचारलं ती नव्हे, ज्या आवाजात विचारलं ती. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. हे कानगोष्ट करतात तीसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जाते. कुठून आलो, पहिल्यांदाच कसे आलो, इथे ओळखीपाळखीचं कोणी कसं नाही, किती दिवस राहणार, हे सगळं त्या स्टँडला एका दमात कळलं.

लगेच एक तिशीचा माणूस पुढे आला. गॉगल, इस्त्रीचा शर्ट. आपलं नाव शेखर म्हणून सांगितलं.

"दादा, ते लॉज तर बंद झालं. छप्पर उतरवलंय. भिवंडीचे ना तुम्ही? माझा मावसभाऊ तिकडेच लूमवर आहे. डबल शिफ्ट मारतो बिचारा."

झालं. लूम आणि शिफ्ट हे दोन शब्द ऐकल्यावर हे विरघळलेच. "बघ, आपलाच मानूस निगाला," मला म्हणाले. मावसभाऊ नक्की कुठे कामाला, कोणाच्या शेडमध्ये, हे मी विचारायच्या आत आमच्या दोन्ही बॅगा रिक्षात चढल्या होत्या.

रिक्षा गाव सोडून बरीच पुढे गेली. शेखर स्कूटरवरून वाट दाखवत होता. सुरूच्या बनामागे एक बसकं चिरेबंदी घर होतं आणि त्याच्या पुढ्यात समुद्र. नंदाच्या तोंडून "आई गं!" एवढंच निघालं. पाणी दुपारच्या उन्हात नुसतं लखलखत होतं आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. तिला तेच आवडलं, आणि मला नकोसं झालं ते त्याच गोष्टीने. शेखर म्हणाला, "वहिनी, गर्दी बघायला भिवंडी आहेच की." हे मोठ्याने हसले.

मी घराकडे नीट पाहिलं. दोरीवर एकही कपडा वाळत नव्हता. कुठल्याच खोलीपुढे चप्पल नव्हती. राखणदार म्हणून जो माणूस होता तो आमच्याकडे बघायचं टाळत होता, पण नंदा वळली की तिच्या पाठीकडे बघत होता. खोलीत शिरून मी दार लोटलं, तर आतल्या बाजूला कडीच नाही. कडीच्या जागी स्क्रूची रिकामी भोकं. बाहेरच्या बाजूला मात्र नवाकोरा कोयंडा.

"अहो, आतून कडी नाही दाराला."

"खारी हवा हाय. गंजून परली आसंल."

"मग बाहेरची बरी गंजली नाही?"

यावर हे दाराची भोकं बघायला वाकले, पण तेवढ्यात अंगणात स्कूटरचा हॉर्न वाजला. शेखर सांगत होता की बाहेरगावच्या पाहुण्यांची नोंद चौकीवर करावी लागते, घरातल्या पुरुषाने स्वतः यायला हवं, लगेच जाऊन येऊ. मी याआधी कुठल्या लॉजमध्ये राहिले नव्हते, नियम खरा की खोटा मला काय ठाऊक? पण नवऱ्याला माझ्यापासून लांब नेणारा कुठलाही नियम मला नको होता. मी त्यांच्यासमोर उभी राहून आवाज न काढता ओठांनीच म्हटलं, जाऊ नका.

हे जरा समजावून सांगायला हवं. माग चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलेलंही ऐकू जात नाही. म्हणून आमच्याकडे सगळे ओठांवरून बोलतात. मी शेडच्या दारातून चहाचं विचारते, हे पलीकडच्या मागावरून हो म्हणतात, आवाज कोणाचाच नाही. नंदा पाळण्यातून उतरल्यापासून ही बोली बोलते. पण ती वाचायला समोरच्याने तोंडाकडे बघावं लागतं, आणि हे स्कूटरकडे बघत होते. बसले आणि गेले.

स्कूटरचा आवाज सुरूच्या झाडांत विरला. खोटं कशाला लिहू, माझ्याच्याने जागचं हलवेना. खिडकीच्या गजांना धरून मी उभी राहिले. थोड्या वेळाने बनातून आणखी एक माणूस आला, दांडगा, लुंगी नेसलेला. तो आणि राखणदार विहिरीपाशी उभे राहून बोलू लागले. समुद्राच्या गाजेत त्यांचा शब्द ऐकू येत नव्हता, पण तोंडं माझ्याकडे होती. त्यांची बोली वेगळी, बरंचसं मला कळलं नाही. दोन शब्द मात्र मी ओठांवर स्पष्ट पाहिले. राखणदार म्हणाला, दोघीच. आणि लुंगीवाला म्हणाला, काळोख. आकाशाकडे बघून म्हणाला.

मी वळले. नंदा माझ्या मागेच उभी होती. तिनेही पाहिलं होतं.

आई, रडू नकोस, ती ओठांनी म्हणाली. पर्स घे. बॅगेला हात लावू नकोस.

मग तीच पोरगी अंगणात जाऊन राखणदाराला मोठ्याने, लाडात म्हणाली, "काका, मला न्हायला गरम पाणी मिळेल का? आम्ही तोवर शिंपले वेचून येतो." बॅगा खोलीत होत्या, दार सताड उघडं होतं. राखणदाराने लुंगीवाल्याकडे पाहिलं, मग मान हलवून मागच्या चुलीकडे गेला.

आम्ही निघालो. मला पळावंसं वाटत होतं आणि नंदा माझ्या दंडाला धरून मला हळू चालवत होती. मध्येच वाकून शिंपला उचलायची, मला दाखवायची, आणि दाखवताना ओठ हलवायची: मागे बघू नकोस. हस. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. शेवटी न राहवून वळून पाहिलंच. लुंगीवाला बनाच्या कडेकडेने आमच्या मागून येत होता, घाई न करता.

समोर लांब, खडकाच्या पलीकडे, काही बाया वाळत घातलेली मासळी टोपल्यांत भरत होत्या. ऊन उतरलं होतं. नंदाने तिकडे हात करून हाक मारली, "मावशी! ओ मावशी!" जशी काही जन्माची ओळख. त्यांतली एक ताठ उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं, आमच्या मागे पाहिलं. मीही पाहिलं. लुंगीवाला थांबला, विडी पेटवली आणि परत फिरला.

"कोण गे तुमी? खंयसून इलात?" (कोण गं तुम्ही? कुठून आलात?) तिने दरडावून विचारलं. विश्वास तिलाही बसत नव्हता. नंदाने घर दाखवल्यावर मात्र तिचा चेहरा पालटला. "त्या घरात कोणच रवणा नाय. कोणी हाडल्यान तुमका?" (त्या घरात कोणी राहत नाही. कोणी आणलं तुम्हाला?) मी वाळूत बसले आणि हमसून रडले. तिने माझ्या पाठीवर मासळीचा हात ठेवला आणि म्हणाली, "भियां नको. भितूर चला." (भिऊ नकोस. आत चला.)

तिचं घर जवळच होतं. माझा जीव आता यांच्यासाठी उडाला होता. हे परत येतील, खोलीत आम्ही नसू, आणि ती माणसं तिथे असतील. मावशीने तिच्या दिराला आणि शेजाऱ्याला तिकडे पाठवलं. ते निघाले न निघाले तोच किनाऱ्यावरून हाक आली. "नंदाऽऽ!" समुद्राच्या गाजेवरून, वाऱ्यावरून, थेट आमच्यापर्यंत. असा आवाज आमच्या भिवंडीतच तयार होतो. स्टँडवर ज्या आवाजाचा मला राग आला होता, त्याच आवाजाच्या दिशेने मी धावत सुटले.

शेखरने यांना दूरच्या एका नाक्यावर बाकड्यावर बसवलं होतं. साहेब जेवायला गेलेत, मी बोलावून आणतो, म्हणाला आणि गेला तो गेला. बऱ्याच वेळाने यांच्या डोक्यात उजेड पडला. तिथून धावत आले तर घर मोकळं. बॅगा नाहीत, बायको नाही, मुलगी नाही, विचारायला माणूस नाही. मला बघितल्यावर हे वाळूत मटकन बसले. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, पण या माणसाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. थोडं सावरल्यावर पहिलं वाक्य बोलले ते नंदाकडे बघून: "पोर आता कुटं जायाची न्हाय. होस्टेल नि बिस्टेल, सगलं बंद."

हातातले शिंपले नंदाने वाळूत टाकून दिले.

ती रात्र आम्ही मावशीच्या पडवीत काढली. तिने पेज (मऊ शिजवलेला पातळ भात) आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. सकाळी चौकीवर तक्रार लिहवून आलो, बॅगा काही मिळाल्या नाहीत. येताना बाजारपेठेतून गेलो, तर ते सूतवाल्याने सांगितलेलं लॉज उघडंच होतं, छप्पर जाग्यावर होतं, दारात मालकीणबाई तांदूळ निवडत होत्या आणि ओटीवर पाहुण्यांची पोरं खेळत होती. आम्ही एक दिवस तिथे राहिलो. वाचकांनी हसावं हवं तर, पण मी आधी आत जाऊन दार लावून पाहिलं, आणि मग पायातल्या चपला काढल्या. नंदा एकदाची समुद्रात उतरली. हे गुडघाभर पाण्यात तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते, पाठ समुद्राकडे आणि तोंड किनाऱ्यावरच्या माणसांकडे.

परत आल्यावर आळीतल्या बायकांनी विचारलं, कसा होता समुद्र? मी म्हटलं, मोठा होता. यापेक्षा जास्त सांगायला माझ्याकडे नव्हतं.

निकाल लागला. नंदा चांगल्या मार्कांनी पास झाली आणि घरात पेढेसुद्धा गुपचूप खाल्ले गेले. त्या संध्याकाळी मी यांना म्हटलं, "तिला पुण्याला पाठवा."

"तूच सगल्यांत जास्ती घाबरतंस. आनि तूच म्हनतंस पाठवा? इसरलीस काय झालं ते?"

"विसरले नाही म्हणूनच म्हणते. त्या दिवशी आपण तिला बघायला नेलं होतं ना, कशी वागते ते? तुम्ही स्कूटरवर बसून गेलात. माझे पाय गळाले. आपल्या तिघांत डोकं ठिकाणावर कोणाचं होतं?"

हे उठून शेडमध्ये गेले. माग बंद होते, तरी हे बराच वेळ तिथेच होते. जेवायला बसल्यावर नंदाला एवढंच म्हणाले, "फारम कदी भरायचा?" ती ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन रडून आली.

नंदा पुण्याला गेली त्याला आता काही महिने झाले. माझी भीती गेली का, असं कोणी विचारलं तर नाही. रोज दिवेलागणीला, ती होस्टेलवर पोचली असेल ना, असं मी यांना विचारते, आणि तिचं पत्र यायला उशीर झाला की मला अन्न गोड लागत नाही. पण ती भीती माझी आहे, तिला मी इथे घरात ठेवून घेतलं आहे. पोरीच्या पेटीत मी साड्या घातल्या, लाडू घातले, लोणचं घातलं. भीती मात्र घातली नाही.