गोल दाण्याची कॉफी
कॉफीचे बुंददाणे भाजल्याचा वास आला की निमगावचा तो सोमवार आठवतो. तेहतीस-चौतीस सालचा सुमार असेल. मी नवी सून होते आणि तापानं खंगलेल्या धाकट्या दिरासाठी सासूबाईंनी सोळा सोमवार धरले होते. दर सोमवारी त्या देव्हाऱ्यात एक सुपारी मांडत; मधे उपास मोडला तर पुन्हा पहिलीपासून. चौदा झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पोटात काय ती कॉफी, तीही गोल दाण्याची. नवरा पानमळ्यातली पानं घेऊन पुण्याला जाई, तिथून चपटे आणि गोल असे दोन जातीचे दाणे आणी. चपटे आंबूस लागत, ते पाहुण्यांना. गोल दाणे अंगचेच गोडसर, ते सासूबाईंसाठी. त्या दिवशी माझ्या हातून गोल दाणे करपले. जेमतेम मूठभर वाचले. बोलणी बसतील म्हणून मी त्यात भाजके हरभरे दळले. हरभरा उपासाला चालत नाही, हे मला पेला त्यांच्या हातात दिल्यावर ध्यानात आलं. त्यांनी घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं. “गोल दाण्याचीच हाय न्हवं?” “व्हय, आत्याबाई.” त्यांनी पेला रिकामा केला. पुढच्या सोमवारी मी देव्हारा पुसायला गेले, तर तिथं एकच सुपारी होती. पुढचे सगळे सोमवार त्यांनी माझ्याच हातची कॉफी घेतली. दाणा कुठला, हे पुन्हा कधी विचारलं नाही. आता माझी सून विचारते, तुमी कॉफी का घेत न्हाय? मी म्हणते, सोसत न्हाय.