काठोकाठ भरलेल्या कोरड्या विहिरी

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास दुष्काळ पडला आणि विहिरींच्या पाण्यावर संशोधन निघालं. गावोगाव मोजलेले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम मी घासाघीस करून नांदेडच्या माझ्या टायपिंग क्लासात ओढून आणलं. मी दहावी नापास. संशोधक साहेबांना ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी छापील कागद माझ्या टेबलावर आपटला. ऐन उन्हाळ्यात रेणापूरकडच्या विहिरी काठोकाठ भरलेल्या!

"तुमच्या मुलींनी वाट्टेल ते आकडे दाबलेत. काम काढून घेतोय मी."

माझं डोकं सणकलं. "साहेब, इथं प्रत्येक आकडा दोन मुली वेगवेगळा भरतात. दोघींचा जुळला तरच पुढं जातो. तुमच्याकडं एकदा तरी तपासतात का?"

"मग विहिरी आपोआप भरल्या?"

"चला रेणापूरला. चूक आमची निघाली तर काम सोडतो. न्हाई निघाली तर विहिरी मोजायचा फॉर्म मी सांगीन तसा छापायचा."

साहेब जीपमध्ये तोंड फिरवून बसले. रेणापूरला विहिरी मोजणाऱ्या म्हाताऱ्यानं पहिलीच विहीर दाखवली. तळाला भेगा पडलेल्या. फॉर्मवर त्याच्या हातचं शून्य, आमच्या कागदावरही शून्यच.

"काका, हे शून्य कशाचं?"

"पाण्याचं! पाणीच न्हाई तर काय ल्हिऊ, माझं नाव?"

फॉर्मवर विचारलं होतं, काठापासून पाणी किती खोल. म्हणजे शून्य लिहिलं की पाणी काठाला. विहीर आटेल हे फॉर्म करणाऱ्यानं धरलंच नव्हतं. 'कोरडी' लिहायला जागाच नव्हती.

"फॉर्म केला कुणी?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"मी," साहेब म्हणाले.

"लई हुशार माणूस हाय," म्हातारा म्हणाला. "पाणी नसलं तरी विहीर भरतो."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी दोन अटी लिहून घेतल्या. कोरड्या विहिरीला वेगळा रकाना; आणि शंकेचा आकडा मोजणाऱ्याला विचारल्याशिवाय मशीनमध्ये जाणार नाही. जुनी सगळी शून्यं मी गावोगाव माणसं पाठवून एकेक विचारून घेतली. काम माझ्याकडंच राहिलं, वर आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याकडच्या विहिरीही आल्या.

साहेबांनी माफी मागितली नाही. अहवालात आकडे तपासणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव आहे, ते मला आजही टोचतं. पण 'कोरडी' हा रकाना माझा, आणि पुढं दोन्ही जिल्ह्यांतले मोजणारे तोच भरत राहिले.