दोरा मास्तरांचं माप

आमच्या चिखलीच्या शाळेतले ड्रिल मास्तर खिशात सुती दोऱ्याची गुंडी ठेवत. शिट्टी एखाद्या दिवशी घरी राही, गुंडी कधीच नाही. ते रोहिणखेडचे, विणकर मुसलमानाच्या घरातले. पोरांनी त्यांचं नाव दोरा मास्तर पाडलं होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणी चुकून तोंडावर तशी हाक मारलीच, तर "हाव, बोल" म्हणत.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारकडून मुलांच्या वजनाचा एक छापील तक्ता शाळेत आला होता. प्रत्येक वयापुढे एक वजन. मास्तरांनी आम्हाला कापसाच्या बाजारात नेऊन बोज्याच्या काट्यावर चढवलं. तक्त्याप्रमाणे जवळजवळ सगळी शाळा मरतुकडी निघाली. मास्तरांनी तक्ता घडी घालून कपाटात टाकला. "हा गोऱ्या पोरायचा तक्ता हाये," ते म्हणाले. "आन् काट्याले उंची कुठं समजते?"

मग त्यांनी स्वतःचं माप काढलं. पोराला भिंतीला टेकवायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा तोडायचा, मधोमध दुमडायचा आणि बेंबीवरून पोटाभोवती फिरवायचा. टोकं भेटली तर पोर ठीक, नाही भेटली तर लठ्ठ. लठ्ठ पोरं आमच्याकडे मोजून दोन-तीन. त्यांना मैदानाच्या चकरा, आणि घरी चिठ्ठी: तूप बंद, एक भाकर कमी. अडत्याचा थोरला पोरगा या उपायानं खरोखरच बारीक झाला, तेव्हापासून गावात मास्तरांचा शब्द वैद्याच्या वरचा झाला.

माझा धाकटा भाऊ दामू तेव्हा आठ वर्षांचा. त्या वर्षी तो एकाएकी अंगानं भरला. गाल फुगले, पोट सुटलं, आईला कोण आनंद झाला. शाळेत दोरा चार बोटं कमी पडला. मास्तर स्वतः घरी आले.

आई दाराआडून म्हणाली, "लेकरू आत्ता कुठं बाळसं धरून राह्यलं, ते तुमच्या डोयात काऊन खुपते?"

"बाई, आत्ता आवरलं नाही तं पुढं जड जाईन," मास्तर नरमाईनं म्हणाले.

वडिलांचा शिकलेल्या माणसावर फार विश्वास. चिठ्ठी पाळायची ठरली आणि दामूच्या ताटावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते चोख केलं. एक भाकर संपली की तो माझ्याकडे बघे, आणि मी चुलीकडे बघत बसे.

तीन आठवड्यांनी त्याला धाप लागू लागली. सकाळी डोळे उघडेनात. बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. अंगात चरबी नव्हती, पाणी होतं. मूत्रपिंडं कामातून गेली होती. चौथ्या दिवशी दामू गेला. डॉक्टर म्हणाले, खाण्यापिण्यानं यात काही फरक पडला नसता. म्हणजे त्याला खाऊ दिलं असतं तरी चाललं असतं.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

दहाव्याला मास्तर आले आणि ओट्यावर बसून राहिले. "चूक माही हाये," एवढंच ते वडिलांना म्हणाले. वडिलांनी त्यांना पाणी दिलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला ते आवडत होते, आणि त्या दिवशीही आवडलेच. हे घरात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर ते प्रत्येक पोराची नडगी आधी दाबत, माप मागाहून. पुढच्या वर्षी त्यांची जानेफळला बदली झाली. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हिवाळ्यात त्यांचं कार्ड आलं. तिथल्या शाळेत एका मुलीच्या पायावर खळगा राहिला, म्हणून बैलगाडीतून ते स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. वेळेवर कळलं. पोरगी वाचली.

मी कार्ड वाचून दाखवलं तेव्हा आई ज्वारी निवडत होती. "बरं झालं," ती म्हणाली. चार खडे वेचून बाजूला टाकले. मग सुपातून डोळे न काढता म्हणाली, "मास्तरले लिहिजो, त्या पोरीले पोटभर जेवू देजा म्हना."

मी कोरं कार्ड आणलं, मास्तरांचा पत्ता लिहिला, वडिलांची खुशाली लिहिली. आईचं वाक्य मात्र मी लिहिलं नाही.