मांडीवरचा केक

आमची मावशी ऑर्डरचे केक करते आणि स्वतः गाडी चालवून पोचवते. जुनी गाडी वळणावर इतकी झुलायची की तिचे यजमान, आमचे काका, मागच्या सीटवर केक मांडीवर धरून जीव मुठीत घेऊन बसायचे.

नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मावशी प्रत्येक ट्रायलला तीन मजली केक घेऊन गेली. सेल्समन कॅमेरे दाखवायचा, ती म्हणायची, "ते राहू दे, डिकी उघड." दोन गाड्यांत केक आडवा झाला, तो आम्ही बिनतक्रार खाल्ला. तिसऱ्या, छोट्या एसयूव्हीत क्रीमचं फूलसुद्धा हललं नाही. तीच घेतली.

पहिल्या ऑर्डरला केक डिकीत ठेवला, तरी काका सवयीने मागचं दार उघडायला लागले.

"पुढे या," मावशी म्हणाली. "तुमच्या मांडीवर माझा धंदा मोठा झाला. पण इतकी वर्षं तुम्हाला आरशातच बघितलंय."